मोटारीच्या पोटांतील पाणी

मोटार पेट्रोलावर चालते हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. परंतु ती पाण्यावरहि चालते, ही गोष्ट ती भर रस्त्यांत वाफ सोडीत उभी राहीपर्यंत बहुतेक मालकांच्या ध्यानांत येत नाहीं. एंजिनाच्या सिलिंडरांत पेट्रोलाचा भडका उडतो तेव्हां तेथील वायूंची उष्णता २००० अंश सेंटिग्रेडच्या वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि बिडाचा टिकावहि १२०० अंशांच्या आसपास संपतो. म्हणजे ज्या भांड्यांत हा वणवा पेटवावयाचा तें भांडेंच त्यांत वितळून जावें, असा हा व्यवहार आहे. तें वितळत नाहीं, याचें कारण भांड्याच्या भिंतींबाहेर पाणी सतत खेळत असतें. पेट्रोलांतून निघणाऱ्या उष्णतेपैकीं चाकें फिरविण्याच्या कामीं फार तर एक तृतीयांश येते. दुसरा तितकाच हिस्सा धुराबरोबर निघून जातो. आणि उरलेला तिसरा हिस्सा ढोबळ मानानें या पाण्याला वाहून न्यावा लागतो.

हें पाणी कमी होऊं लागलें म्हणजे एंजिनाचें आयुष्य तासांवर, कधीं मिनिटांवर येतें. आणि तें नेमकें कोठून कमी होतें, हा प्रश्न ज्यानें नुकतीच कोणाची तरी वापरलेली मोटार विकत घेतली आहे त्याला सर्वांत जड जातो. मोटारीचा पूर्ववृत्तांत त्याला ठाऊक नसतो; ज्याला ठाऊक असतो तो पैसे मोजून घेऊन केव्हांच वाटेला लागलेला असतो. गंमत अशी कीं, मोटारीच्या बाल्यावस्थेंत हा प्रश्न मुळीं नव्हताच. त्या काळीं मोटारीचें पाणी जाई, आणि पुष्कळ जाई. पण जाई तें चार लोकांच्या देखत. तेंच पाणी पुढें पन्नासएक वर्षांत झांकणाखालीं, दाबाखालीं कोंडलें गेलें आणि गळती डोळ्यांआड झाली. ती हकीकत क्रमानें पाहण्यासारखी आहे.

जर्मनींतील मॅनहाइम शहरीं कार्ल बेंझ या यंत्रज्ञानें आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजीं नोंदविलें. तिचें एंजिन एका सिलिंडरचें, जेमतेम पाऊण अश्वशक्तीचें होतें. सिलिंडरभोंवतीं पाणी खेळत असे. पण तें थंड करण्याची निराळी सोय अशी कांहींच नव्हती. चुलीवरच्या पातेल्यांतील पाणी आटावें तसें तें उकळून आटे, वाफ हवेंत निघून जाई, आणि उणें पडलेलें पाणी वरून ओतावें लागे. ही रीति वाटते तितकी अडाणी नव्हती. उकळत्या पाण्याची वाफ होतांना जी उष्णता लागते, ती तेंच पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या पांचपटींहून अधिक असते. तेव्हां थोड्या पाण्याबरोबर पुष्कळ उष्णता उडून जाई. दोष इतकाच कीं, या गाडीला घोड्यापेक्षांहि वारंवार पाणी पाजावें लागे.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझची पत्नी बेर्था हिनें नवऱ्याला न सांगतां मोटार बाहेर काढली, आणि ऑयगेन व रिचर्ड या १५ व १३ वर्षांच्या आपल्या मुलांना बरोबर घेऊन ती शंभर किलोमीटरांहून दूर असलेल्या प्फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गांवीं गेली. मोटारीनें केलेला हा पहिला लांबचा प्रवास. वाटेंत विसलॉख गांवच्या औषधांच्या दुकानांतून घेतलेलें इंधन आणि टोपीच्या टांचणीनें साफ केलेली इंधनाची नळी या गोष्टी पुष्कळांच्या परिचयाच्या आहेत. पण दिवसभर त्या तिघांचा जो खरा उद्योग चालला होता तो पाणी भरण्याचा. विहीर दिसली, ओढा दिसला, खाणावळ दिसली कीं मोटार थांबवावयाची आणि पाणी आणावयाचें. माहेरीं निघालेल्या त्या बाईला गळतीचें निदान करावें लागलें नाहीं. पाणी कोठें जात होतें तें तिच्या डोळ्यांसमोर वर चढणाऱ्या वाफेंत दिसत होतें.

या कटकटींतून मोटारीला सोडविलें तें डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाख यानें. तेंच पाणी पुन्हां पुन्हां वापरावयाचें तर एंजिनांतून तापून आलेलें पाणी वाऱ्यावर निववून परत पाठविलें पाहिजे. आणि त्यासाठीं पाण्याचा व हवेचा संबंध जितका विस्तृत तितकें बरें. मायबाखनें १९०० सालीं सिद्ध केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मोटारीच्या तोंडाशीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसविला. त्यांत ६ मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या एकमेकींस डाख देऊन जोडल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई, नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी उतरे, आणि मागें बसविलेला पंखा वारा ओढून घेई. कंपनीचा मोठा गिऱ्हाईक आणि विक्रेता एमिल येलिनेक यानें ही मोटार फ्रान्समधील नीस येथें मार्च १९०१ च्या शर्यतींस आणविली. तेथें तिनें बाकीच्या गाड्यांस मागें टाकलें, आणि येलिनेकच्या मुलीचें मर्सिडीज हें नांव तिच्याबरोबर जगभर झालें. आज पाण्यानें थंड होणाऱ्या ज्या मोटारी धांवतात त्या सर्वांच्या नाकाशीं या पोळ्याचाच वंशज असतो.

मात्र आठ हजार नळ्या म्हणजे त्यांच्या दोन्ही टोकांचे मिळून सोळा हजारांवर सांधे. बेंझच्या मोटारीचें पाणी उकळून जाई. मायबाखच्या मोटारीचें पाणी झिरपून जाऊं शकत होतें. गळतीचा इतिहास खऱ्या अर्थानें येथून सुरू होतो.

अमेरिकेंत हेन्री फोर्डनें १९०८ सालीं आपली सुप्रसिद्ध ‘टी’ मोटार काढली, तेव्हां पहिल्या सुमारें २५०० गाड्यांत पाणी फिरविण्यासाठीं पंप होता. पुढें त्यानें तो काढूनच टाकला. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवालेलें जड पाणी खालीं उतरतें, या साध्या नियमावर त्यानें सगळें अभिसरण सोंपविलें. पंपच नाहीं म्हटल्यावर पंपाच्या आंसाशीं होणारी गळतीहि नाहीं. १९२७ पर्यंत या जातीच्या दीड कोटि मोटारी बाहेर पडल्या, आणि त्यांतील बहुतेक ज्या शेतकऱ्यांच्या हातीं गेल्या त्यांच्याजवळ डाख देण्याचें सामान असे वा नसे, स्वयंपाकघर मात्र असे. रेडिएटरला बारीक भोंक पडलें तर मोहरीची पूड, ओटचें पीठ किंवा अंड्याचा पांढरा भाग आंत ओतावयाचा; गरम पाण्यांत तो पदार्थ फुगून वा शिजून भोंकांत अडकला कीं गाडी घरापर्यंत पोंचे. या घरगुती औषधानें पुढें एका पाणबुडीपर्यंत मजल मारली. ती गोष्ट यथावकाश येईल.

मुंबईकरांस मोटारीच्या पाण्याची खरी ओळख करून दिली ती घाटानें. बोरघाटांतून जाणारा मुंबई-पुणें रस्ता १८३० सालीं खुला झाला, तो बैलांसाठीं व घोड्यांसाठीं. मोटारीची कल्पनाहि तेव्हां कोणास नव्हती. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारें ५०० मीटरांचा चढ. चढावर एंजिन जोरानें फिरतें, पण गाडी मंद चालते. म्हणजे उष्णता सर्वांत अधिक आणि रेडिएटरवर येणारा वारा सर्वांत कमी. त्यांत वारा पाठीमागचा असला म्हणजे पंख्याचीहि मात्रा चालत नाहीं. वळणावर झांकणें उघडून वाफा सोडीत उभ्या असलेल्या गाड्या आणि पाण्याचा डबा घेऊन तिष्ठत बसलेला क्लीनर, हें दृश्य त्या रस्त्यावर अनेक दशकें नित्याचें होतें. महाबळेश्वरीं आणखी एक भर पडे. १३०० मीटरांहून उंच अशा त्या ठिकाणीं हवेचा दाब कमी असल्यामुळें पाणी शंभर अंशांपर्यंत न थांबतां ९५-९६ अंशांसच उकळतें.

येथें कारागिरांपुढें जी अडचण उभी होती तिचा उलगडाहि याच गोष्टींत होता. दाब कमी झाला तर पाणी लवकर उकळतें. मग दाब वाढविला तर तें उशिरां उकळलें पाहिजे. रेडिएटरच्या तोंडाला साधें झांकण न ठेवतां स्प्रिंगचें झांकण बसवावें, आंतील दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला तरच त्यानें वाट द्यावी, ही योजना १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींत रुळूं लागली. हवेच्या नेहमींच्या दाबावर आणखी तितकाच दाब चढविला कीं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं.

दुसरा बदल पाण्यांतच झाला. युरोप-अमेरिकेंतील हिंवाळ्यांत मोटारीचें पाणी रात्रीं गोठे, आणि गोठतांना फुगून बिडाचें एंजिन तडकावी. म्हणून लोक पाण्यांत मद्यार्क घालीत. पण तो पाण्याच्या आधींच उडून जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्स यानें १८५० नंतरच्या दशकांत एथिलिन ग्लायकॉल नांवाचा एक गोडसर, दाट द्रव तयार केला होता. त्याचा उत्कलनबिंदु १९७ अंश. तो निम्मा पाण्यांत मिसळला तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. १९२७ पासून अमेरिकेंत तो प्रेस्टोन या नांवानें मोटारींसाठीं विकला जाऊं लागला. ज्याला आज सर्वत्र कूलंट म्हणतात तें हेंच मिश्रण. त्यांत गंज न चढूं देणारीं द्रव्येंहि असतात. तें विषारी आहे, आणि चव गोड असल्यामुळें कुत्रीं-मांजरें तें चाटतात व मरतात. घरांत लहान मूल असेल तर हें विसरून चालत नाहीं.

बंद केलेल्या द्रवाचें सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोहोंची कसोटी लागली ती आकाशांत. इंग्लंडचें स्पिटफायर विमान ५ मार्च १९३६ रोजीं प्रथम उडालें. त्याच्या रोल्स-रॉइस मर्लिन एंजिनांत आरंभीं निव्वळ ग्लायकॉल फिरत असे. पुढें सुमारें ३० टक्के ग्लायकॉल व बाकीचें पाणी असें मिश्रण दाबाखालीं वापरण्यांत आलें. त्यायोगें रेडिएटर लहान झाला आणि विमानाचा वेग वाढला. परंतु १९४० च्या लढाईंत वैमानिकांना कळून चुकलें कीं, पंखाखालच्या त्या लहानशा पेटींत एक गोळी शिरली तरी पुरे. विमानामागें ग्लायकॉलचा पांढरा पट्टा उमटे आणि थोड्याच मिनिटांत एंजिन अडके. शत्रूलाहि त्या पट्ट्यावरून निदान करतां येई. गळती इतकी स्पष्ट दिसण्याची ती बहुधा अखेरची वेळ होती.

कारण युद्धानंतरच्या मोटारींत पाणी पुरतेंच बंदिस्त झालें. पुढें पुढें झांकणाजवळ एक डबाहि आला. तापून फुगलेलें पाणी त्यांत उतरतें आणि एंजिन निवलें कीं परत आंत ओढलें जातें. अशा गाडींत महिनोन् महिने पाणी घालण्याचें कारण पडूं नये. पडलें तर तें कोठें तरी गेलें असलेंच पाहिजे. पण कोठें, तें दिसत नाहीं. केंसाएवढी चीर थंडपणीं मिटलेली असते आणि दाब चढल्यावरच उघडते. तींतून उडालेला थेंब तापलेल्या लोखंडावर पडून जमिनीपर्यंत येण्याआधींच वाळतो. सकाळीं गाडीखालची फरशी कोरडी, आणि डब्यांतील पाणी मात्र बोटभर खालीं. बेर्था बेंझला जी माहिती फुकट मिळत होती ती मिळविण्यास आतां परीक्षा, उपकरणें आणि पैसा लागूं लागला.

आणि ज्या वस्तूची माहिती पैशानें मिळवावी लागते तिच्या बाजारांत काय होतें? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. आणि अर्थशास्त्रानें तो सोडविला तो नेमका जुन्या मोटारींचेंच उदाहरण घेऊन. जॉर्ज ॲकरलॉफ या तरुण अमेरिकन प्राध्यापकानें त्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडी चांगली कीं वाईट हें विकणाऱ्याला कळतें, घेणाऱ्याला कळत नाहीं, म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊं करतो, त्या किंमतींत चांगल्या गाडीचा मालक गाडी विकण्यास तयार होत नाहीं, तो बाजारांतून गेला कीं सरासरी आणखी उतरते, आणि अखेर बाजारांत अमेरिकन बोलींत ज्यांस ‘लेमन’ म्हणतात त्या फसव्या गाड्याच उरतात. तीन नियतकालिकांनीं हा निबंध परत पाठविला. तो १९७० सालीं छापला गेला, आणि २००१ सालीं ॲकरलॉफला दुसऱ्या दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. मध्यंतरीं १९६७-६८ मध्यें तो दिल्लींत भारतीय संख्याशास्त्र संस्थेंत होता. आपल्याकडील सावकारांचे चढे व्याजदर व मॅनेजिंग एजन्सीची पद्धति यांचीं उदाहरणें त्याच्या निबंधांत आहेत, हें अनेकांस ठाऊक नसतें.

निबंधानें कायदा बदलत नाहीं, पण त्याच सुमारास अमेरिकेंत कायद्याचाहि विचार चालला होता. तेथील फेडरल ट्रेड कमिशननें १९८१ सालीं असा नियम केला कीं, जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यास गाडीचे जे दोष ठाऊक असतील ते त्यानें गिऱ्हाइकाला लेखी कळवावेत. व्यापाऱ्यांनीं गिल्ला केला, आणि १९८२ मध्यें काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं तो नियम रद्द ठरविला. सर्वोच्च न्यायालयानें पुढल्या वर्षीं काँग्रेसची ती कृति घटनाबाह्य म्हटली. तरीहि कमिशननें १९८४ सालीं नियम पुन्हां काढला तो ज्ञात दोषांची अट वगळूनच. नव्या नियमानें गाडीच्या कांचेवर एक पत्रक चिकटवावयाचें आलें. त्याच्या पाठीमागें जुन्या गाडींत काय काय बिघडलेलें असूं शकतें याची यादी होती, आणि तींत रेडिएटरसह पाण्याची गळती, नीट न चालणारा पंप, एंजिनाच्या बिडास गेलेला तडा हे दोष नांवानिशीं दिलेले होते. म्हणजे कोणते रोग असूं शकतात तें व्यापाऱ्यानें सांगावयाचें. या गाडीला त्यांपैकीं कोणता आहे तें गिऱ्हाइकानें शोधावयाचें. ही तडजोड व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडली, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

भारतांत १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमाचा सामान्य नियमहि असाच आहे: कांहीं अपवाद सोडले तर मालाच्या गुणाची हमी गृहीत धरली जात नाहीं, घेणाऱ्यानें पाहून घ्यावें. १९८६ चा व त्याच्या जागीं आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्यावर चालतो. एका गृहस्थानें दुसऱ्या गृहस्थाला खासगी रीतीनें विकलेल्या गाडीस त्याचा सहसा उपयोग होत नाहीं. आणि आपल्याकडे तर गाडी पारखून घेण्याची चैन पुष्कळ वर्षें कोणास परवडतच नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनींत १९६४ पासून फियाटची ११०० डी गाडी बनूं लागली; तीच पुढें पद्मिनी झाली. तिच्यासाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि म्हणून वापरलेली गाडी मिळाली तरी लोक ती हातची सोडीत नसत. मुंबईंत पाणी गोठत नाहीं, तेव्हां ग्लायकॉलची गरज काय, असें म्हणून या गाड्यांत नळाचें किंवा विहिरीचें पाणी भरलें जाई. गोठण्याचा धोका नव्हता हें खरें. पण जड पाण्याचा क्षार आणि बिडाचा गंज रेडिएटरच्या नळ्यांत वर्षानुवर्षें बसत गेला. जुन्या गाडीचा रेडिएटर खरवडून साफ केल्याबरोबर गळूं लागतो, असा जो मिस्त्री लोकांचा अनुभव आहे त्याचें कारण हेंच. गंजानें पाडलेलें भोंक गंजानेंच बुजविलेलें असतें. (पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची निघून गेली.)

झांकलेली गळती शोधण्याची जी युक्ति आज सर्वांत नवी म्हणून दाखविली जाते ती मोटारीहून जुनी आहे, आणि ती प्रथम एका नदीवर वापरली गेली. दक्षिण जर्मनींत इमेंडिंगेन गांवाजवळ डॅन्यूब नदीचें पाणी पात्रांतल्या पात्रांत जमिनींत मुरतें. तेथून सुमारें १२ किलोमीटरांवर आख नांवाचा एक प्रचंड झरा आहे. डॅन्यूबकांठच्या गिरणीवाल्यांचें म्हणणें, आमचें पाणी तिकडे जातें. आखकांठच्यांचा त्या गोष्टीस अर्थातच विरोध. नदीचीं भोंकें बुजवावींत कीं नाहींत, असा तो तंटा होता. १८७१ सालीं बायर या रसायनशास्त्रज्ञानें फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग तयार केला होता. ऑक्टोबर १८७७ मध्यें कार्ल्सरूहचे प्राध्यापक क्नोप यांनीं त्या जातीचा १० किलो रंग डॅन्यूबच्या भोंकांत ओतला. सुमारें ६० तासांनीं आखचा झरा हिरवागार झाला. मोटारीच्या पाण्यांत आज जो रंग घालतात तो याच जातीचा. गाडी दोन दिवस फिरवावी, मग अंधारांत अतिनील दिव्यानें पहावें. जेथून पाणी झिरपलें तेथें तें वाळलें असलें तरी डाग चमकूं लागतो.

रंगाच्या आधीं मात्र मिस्त्री दाबाचा पंप काढतो. एंजिन पूर्ण निवलें असतां रेडिएटरचें झांकण काढून त्या जागीं हातपंप बसवावयाचा आणि झांकणावर छापलेल्या आंकड्याइतका दाब द्यावयाचा. (एंजिन गरम असतां हें झांकण उघडणें म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर घेणें होय, बंद पाण्याचा हा पहिला नियम.) आग नसतां दाब आला, म्हणजे निसटलेला थेंब वाळून जात नाहीं, दिसतो. कांटा खालीं येऊं लागला कीं रबरी नळ्यांचीं तोंडें, रेडिएटरच्या कडा आणि पाण्याचा पंप पहावयाचा. पंपाच्या पोटाखालीं कारखान्यानें मुद्दाम एक बारीक भोंक ठेवलेलें असतें. आंतलें सील झिजलें कीं पाणी तेथून ठिबकतें. मालकाला कळावें म्हणूनच तें ठेवलेलें आहे, आणि तें बुजविणारे महाभागहि आढळतात. गाडींत गोडसर वास येत असेल, पायाखालची चटई चिकट ओली असेल, तर गाडी उबविण्याच्या लहान रेडिएटरांत दोष असतो. वातानुकूलित गाडीखालीं पडणारें स्वच्छ, बेचव पाणी हें मात्र हवेंतील दंवाचें. मुंबईच्या दमट हवेंत त्याचें थारोळें होतें आणि नवा मालक उगाच घाबरा होतो. शेवटीं झांकणहि तपासावयाचें, कारण स्प्रिंग मरगळली असेल तर पाणी कोठेंहि न गळतां नुसतें उतूं जातें. दोनतीनशें रुपयांच्या झांकणापायीं रेडिएटर बदलल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

कांटा उतरतो आणि बाहेर तर एकहि थेंब नाहीं, अशी स्थिति झाली तर मिस्त्रीचा चेहरा गंभीर होतो. पाणी आंत जात आहे. बहुतेक एंजिनांत सिलिंडरांच्या वर एक डोकें बसविलेलें असतें आणि दोहोंमध्यें गॅस्केट नांवाची पातळ पट्टी असते. खालचा ठोकळा बिडाचा आणि डोकें ॲल्युमिनियमचें असेल, तर तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. एकदां एंजिन बेसुमार तापलें कीं डोकें वांकतें, पट्टी फाटते, आणि पाणी व आग यांच्यामधली भिंत जाते. मग पाणी सिलिंडरांत शिरून धुराबरोबर पांढरी, गोडसर वाफ होऊन जातें, किंवा तेलांत मिसळून तेलाचें ताक होतें. उलट सिलिंडरांतला वायु पाण्यांत शिरून रेडिएटरच्या तोंडाशीं बुडबुडे येतात. यासाठीं एक सुंदर परीक्षा आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू नांवाचें निळें द्रावण एका नळींत घेऊन रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यांतून ओढावयाची. त्या हवेंत ज्वलनाचा कार्बन डायॉक्साइड असेल तर निळा रंग पालटून पिवळा होतो. दहा मिनिटांत निर्णय लागतो, आणि तो विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून नसतो.

आतां त्या स्वयंपाकघरांतील औषधाविषयीं. मोहरीच्या पुडीची जागा पुढें डबाबंद गळतीरोधक औषधांनीं घेतली. १९५८ सालीं नॉटिलस ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून जाण्याच्या गुप्त कामगिरीवर निघाली असतां तिच्या वाफेच्या यंत्रणेंत समुद्राचें खारें पाणी झिरपूं लागलें. भोंक कांहीं केल्या सापडेना. कप्तान विल्यम अँडरसन यानें सिॲटल बंदरांत आपल्या माणसांना साध्या वेषांत शहरांतील पेट्रोलपंपांवर धाडलें, आणि त्यांनीं मोटारीच्या रेडिएटरांत ओतावयाचे गळतीरोधकाचे १४० डबे विकत आणले. त्यांतील निम्मे ओतल्यावर गळती थांबली. ३ ऑगस्ट १९५८ रोजीं नॉटिलस ध्रुवाखालून पार झाली.

अँडरसनला गळती कोठें आहे तें ठाऊक नव्हतें, पण ती आहे हें त्यानें कोणापासून लपविलें नव्हतें. जुन्या गाडीच्या बाजारांत तोच डबा विक्रीच्या आदल्या दिवशीं ओतला जातो, आणि महिनाभर पाणी हलत नाहीं. नंतर तें औषध गळतीच्या भोंकाबरोबर लहान रेडिएटरच्या बारीक नळ्याहि बुजवूं लागतें, आणि एंजिन चढावर तापूं लागतें. अशा वेळीं रेडिएटरच्या तोंडांत बोट फिरविलें तर कडेला तपकिरी, कचकचीत गाळ लागतो. तो बोटाला लागला कीं जाणता मिस्त्री दाबाचा पंप पुन्हां पेटींत ठेवतो आणि गाडी कितीला घेतली तें विचारतो.